वस्तादांनी मोडलेला संघ

कबड्डीच्या मैदानावर कुणी पडलं, तर वस्ताद त्याला कधी उचलत नसत. गुडघा फुटो की ओठ, मूठभर माती जखमेवर दाबायची आणि म्हणायचं, "रडू नको. ऊठ जल्दी." नव्वद सालच्या आसपास कुंभार पिंपळगावची आम्ही पोरं त्यांच्या हाताखाली खेळायचो. घरच्यांपेक्षा त्यांचा धाक जास्त, आणि त्यांची शाबासकीही मोठी.

संतोष त्यांचा सख्खा भाचा. चढाईला गेला की रिकामा परतायचा नाही. अंबडच्या सामन्यात त्याला चौघांनी उचलून आपटलं. डोकंच आधी जमिनीला लागलं. उठला तो समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. आम्ही हसलो. वस्तादांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "डोळे उघडे हायेत ना? मंग खेळ." तो खेळला आणि आम्ही जिंकलो.

त्यानंतर त्याचं डोकं ठणकतच राहिलं. उजेड सोसवेना, खाल्लेलं टिकेना. त्याची आई भावाला म्हणाली, "दादा, पोरगं उलट्या करून राह्यलं. या बारीला राहू द्या."

"उन्हाचं आसल," म्हणत वस्तादांनी त्याला पुढच्या सामन्यात उतरवलं. साधीच धडक बसली, खांद्याला खांदा. संतोष खाली बसला, मग हळूच आडवा झाला. औरंगाबादच्या दवाखान्यातून परत आणला तेव्हा त्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं. आईलाही तो ओळखत नव्हता.

वस्ताद स्वतः घरोघर फिरले. "पोराला पाठवू नका," एवढंच प्रत्येक बापाला सांगत. नावाजलेला संघ मोडला म्हणून लोक चिडले, काहींनी बोलणं टाकलं. वस्ताद रोज सकाळी बहिणीकडे जाऊन संतोषला अंघोळ घालत, घास भरवत. तो घास थुंकायचा. हे तोंड पुसून पुन्हा भरवायचे.

बऱ्याच वर्षांनी एक तरुण शिक्षक नवा संघ उभारायला निघाला. मैदानाचा नारळ वस्तादांनीच फोडावा, असं म्हणत आला. मी वस्तादांपाशीच बसलो होतो.

वस्तादांनी विचारलं, "डोकं आपटल्यावर पोराला भाईर कोण काढणार?"

"त्रास झाला तर पोरगं सांगेलच की, वस्ताद."

"न्हाई सांगत. त्याला खेळायचं आसतं." त्यांनी पुढ्यातला नारळ मागं सरकवला. "आन मला जिंकायचं होतं."

शिक्षकानं चुन्याच्या फक्कीनं मैदान आखलं. एकाही बापानं पोरगं पाठवलं नाही.