कूलरच्या टाकीतली जहाजं

“इथीच तं घोळ आहे ना बाप्पा!” असं म्हणत भाऊ मोबाइलच्या काचेवर नखानं टकटक करायचे. काचेवर एका कार्टून सिनेमातलं चित्र थांबवलेलं असायचं. मांजरांची टोळी, त्यांचं तीन मजली जहाज आणि वर गोधडीसारखं ठिगळं लावलेलं शीड. “मोज. इथी खिडक्या पाच. आता पुढं चाल.” बोटानं ते चित्र पुढं सरकवायचे. “वादळात शिरलं, तं खिडक्या तीन! दोन खिडक्या का वाऱ्यानं उडाल्या? मानसानं बनवाव तं कोनतं जहाज बनवाव?”

मी आपला चहा प्यायचो.

भाऊ आणि मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात एकाच टाइम ऑफिसात होतो. लोकांच्या हजेऱ्या लावणं हे आमचं काम. त्यांचं क्वार्टर माझ्या बरोबर खाली होतं. ते माझ्याहून बरेच मोठे, पन्नाशी उलटलेले, एकटे. लग्नाचं कुणी विचारलं, की “राहून गेलं,” एवढंच म्हणायचे. जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली. सगळी कॉलनी त्यांना भाऊच म्हणायची.

तुमच्याही ओळखीत छंदवाला माणूस असेल. अशा माणसाचा हात साफ असतो, तो शांत असतो, कामात रमलेला असतो, असा आपला समज असतो. भाऊंना बघितलं असतं तर तो समज तुम्ही सोडून दिला असता. त्यांचा हात जड होता. कातर धरली की अंगठा कापायचा. लाकडाचा गोंद जहाजाला कमी आणि बनियनला जास्त लागायचा. आणि तोंड सतत चालू. गोंदाला शिव्या, ब्लेडला शिव्या, दुपारी लाइट गेली की “इथी लाइट तयार होते आनि इथीच नाई राहत” म्हणून आम्हा सगळ्यांनाच शिव्या. रमणं बिमणं काही नाही. माणूस दर संध्याकाळी भांडायला बसावा तसे ते जहाज बनवायला बसायचे.

सामान म्हणजे बांबूच्या कामट्या, बल्लारपूरच्या आरागिरणीतून मागून आणलेल्या सागाच्या पातळ पट्ट्या, आणि आइस्क्रीमच्या काड्या. काड्यांसाठी आम्हा सगळ्यांना उन्हाळाभर आइस्क्रीम खायला लावायचे आणि वर “चावू नोको ना काडी!” म्हणून ओरडायचे.

जहाज तयार झालं की ते कूलरच्या टाकीत जायचं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. घरापेक्षा कूलर मोठा असतो. भाऊ कूलरची एक जाळी काढून ठेवायचे, टाकी काठोकाठ भरायचे आणि जहाज अलगद पाण्यावर ठेवायचे. ते क्षणभर उभं राहायचं. भाऊ श्वास रोखायचे. मग जहाज, एखादा दारुडा भिंतीला टेकतो तसं, हळूच एका बाजूला टेकायचं आणि शिडासकट आडवं व्हायचं.

“गेलं!” भाऊ म्हणायचे. “पुन्यांदा गेलं!”

त्यांची अडचण खरी होती. सिनेमातलं जहाज म्हणजे वर तीन मजले, त्यावर डोलकाठी, आणि पाण्याखाली जवळजवळ काहीच नाही. चित्रात ते चालतं. टाकीत वरचा भार खालच्याला उलथवतो. म्हणून भाऊंनी तळाला मासेमारीच्या जाळ्याचं शिसं लावलं. मग ते सरळ उभं राहिलं, पण इतकं खोल बसलं की खालच्या खिडक्यांतून पाणी आत. मजला कमी केला तर तरंगायचं, पण मग ते त्या मांजरांचं जहाज राहायचं नाही.

“सिनेमासारखं बनवतो तं बुडते. तरंगनारं बनवतो तं सिनेमासारखं नाई राहत. सांग, मी काय करू?”

“भाऊ, शोकेसमध्ये ठेवा की. दिसायला मस्त आहे,” मी म्हणायचो.

“शोकेसमधीच ठेवाचं असतं तं खाली तळाचा पेंदा कायले लावला असता?”

एकदा मी विचारलं, की त्यापेक्षा खरं जहाज का बनवत नाही? लढाऊ जहाज, मासेमारीची नाव, किंवा आपल्या नदीतला डोंगा? त्यांची तरी मापं ठरलेली. भाऊ माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी काहीतरी घाण बोललो.

“डोंगा नाई बनवत मी,” ते म्हणाले. मग स्वतःच पुढं सांगायला लागले. “कार्टूनमधली नाव कशी राह्यते? फुटते, पलटी होते, पन सगळे वर येतेत. वल्ले होतेत, मान झटकतेत, आनि पुढचं गानं चालू. मले तशी नाव पायजे.”

मला ती गंमत वाटली. मी हसलो. ते हसले नाहीत, गोंदाची बाटली उलटी करून आपटत बसले.

एका वर्षी कॉलनीच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मीच आग्रह करून भाऊंचं नाव दिलं. परीक्षकांनी जहाजाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, पण गट होता ‘टाकाऊतून टिकाऊ’. भाऊंचा चेहरा लाल झाला. “टाकाऊ? साग आहे तो, बाई!” असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली पाण्याची बादली ओढली आणि सगळ्यांसमोर जहाज त्यात सोडलं. ते जरा वेळ उभं राहिलं, मग बुडबुडे सोडत तळाशी गेलं. परीक्षक बाई फार भल्या होत्या. टाळ्या वाजवून म्हणाल्या, “अरे वा! पाणबुडी आहे का?”

भाऊ त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांची एक बहीण होती. धाकटी, एकच. गडचिरोलीच्या बाजूला, नदीपलीकडच्या गावात, म्हणजे भाऊंच्या जन्मगावातच तिला दिलेली. उन्हाळ्यात नदी आटली की भाऊ वाळूतून चालत तिच्याकडं जायचे, मोहाची भाजी खाऊन यायचे. पावसाळ्यात कधी जायचे नाहीत. मला वाटायचं, रस्ता वाईट म्हणून.

मग एका पावसाळ्यात तिचा नवरा वारला. निरोप आला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. दोन दिवसांनी मी भाऊंना माझ्या गाडीवर मागं बसवून घेऊन निघालो. मूल गाव ओलांडेपर्यंत ते रस्त्यातल्या खड्ड्यांवर चिडत होते. जंगल लागलं तसे गप्प झाले.

नदी दुथडी भरून चालली होती. पूल नाही. अलीकडच्या काठाला डोंगा लागलेला, म्हणजे तीच इकडची लांबट, अरुंद लाकडी नाव. चार माणसं आत बसून आमची वाट बघत होती. मी बसलो. भाऊंनी एक पाय पाण्यात टाकला आणि काढून घेतला.

“पानी गढूळ आहे,” ते म्हणाले.

“पावसाळ्यात गढूळच राह्यते, भाऊ,” नावाडी म्हणाला. पोरगेला होता, पण बोलणं सबुरीचं.

“नाव वाकडी आहे तुही.”

“सकाळपासून पुरा गाव नेला न आनला हिनं.”

भाऊ पुन्हा दोन पावलं पुढं आले, पुन्हा मागं गेले. मग एकदम चिडले. सरकारवर चिडले, पुलावर चिडले, शेवटी माझ्यावर. “तू जा ना! तुले कोनं अडवलं? सांग तिले, म्हना मी तापानं पडलो!” मी उतरलो. नावाड्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि बाकीच्यांना घेऊन गेला.

आम्ही काठावरच्या दगडावर बसून राहिलो. भाऊ गवताची काडी मोडत होते. पलीकडून डोंगा परत निघाला तेव्हा त्यात एक पांढरं लुगडं दिसलं. भाऊ ताडकन उभे राहिले.

तीच होती. नवरा जाऊन तीन दिवस झालेली बाई, भेटायला येणाऱ्या भावाला भेटायला स्वतः नदी ओलांडून आली होती. डोंग्यातून उतरली, पदर पिळला आणि म्हणाली, “जयभीम, दादा. नावाड्यानं सांगतलं, मंग मीच आली.”

“तू काऊन आली? घरी मानसं बसली असतीन ना!” भाऊ तिच्यावरच ओरडले.

“मंग तू तं येऊन नाई राह्यला.”

एवढं बोलून ती त्यांच्या शेजारी दगडावर बसली, आणि भाऊ तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. कोण कुणाचं सांत्वन करतंय हे परक्याला कळलं नसतं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. “होते, दादा, होते,” म्हणत होती.

थोड्या वेळानं भाऊ तोंड धुवायला जरा लांब गेले, तेव्हा तिनं मला सांगितलं. त्यांची आई याच नदीत गेली होती. बाजार करून परत येताना डोंगा मधोमध उलटला. दोन्ही पोरं पलीकडच्या काठावर तिची वाट बघत उभी होती. ती फार लहान होती, तिला काही आठवत नाही. “दादाले सारं दिसलं,” ती म्हणाली. “माय एकडाव वर आली होती म्हनते. मंग नाई आली.”

घरी आल्यावर कितीतरी दिवस कूलरची टाकी कोरडी होती. मला वाटलं, सुटला छंद. पण एका संध्याकाळी खालून आवाज आला, “चिपक ना बे!” आणि मला इतकं बरं वाटलं की मी तसाच चपला न घालता जिना उतरलो.

रिटायर झाल्यावर भाऊ बहिणीकडंच राहायला गेले. भर उन्हाळ्यात, ट्रॅक्टरवर सामान घालून, वाळूतून. मी म्हटलं, “भाऊ, पावसाळ्यात काय कराल? अडकून पडाल तिकडंच.” ते म्हणाले, “पडीन ना. तिनंच काऊन एकटीनं अडकाव?” फोन लागायचा तेव्हा तक्रारीच असायच्या. नेटवर्क नाही, बांबू ओला मिळतो, गावातल्या तळ्यात बदकं येऊन जहाज पाडतात.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीचा फोन आला. भाऊंच्या छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचण्याआधीच संपलं. पुण्यानुमोदनाला मी गेलो. नदीत घोटाभर पाणी होतं. मी चपला हातात घेऊन चालत ओलांडली. वंदना झाली, जेवणं झाली, मग बहीण माझ्याजवळ येऊन बसली.

“तुमाले त्यानं सांगतलं का?” तिनं विचारलं. “डोंग्यात बसला होता तो.”

मला काहीच माहीत नव्हतं.

आदल्या पावसाळ्यात तिला ताप चढला होता. मलेरियाचा, डोक्यात गेलेला. ती माणसं ओळखेना. नदी भरलेली. भाऊंनी तिला पाठीवर घेऊन काठ गाठला, नावाड्याला हाक मारली आणि काही न बोलता आत बसले. मधल्या धारेला आल्यावर डोंग्याच्या तळाच्या फटीतून पाणी यायला लागलं. आत एक तेलाचा रिकामा डबा होता. भाऊंनी तो घेतला आणि पाणी उपसायला सुरुवात केली. काठ लागेपर्यंत हात थांबला नाही. आणि तोंडही.

“मी गुंगीत होती,” बहीण म्हणाली, “पन त्याच्या शिव्या आयकू येत होत्या. कोनं बनवली ही नाव, कोनाची अक्कल ही, पेंदा का असा राह्यते? मले वाटलं, घरीच आहो, दादा जहाज बनवून राह्यला. मले मस्त झोप लागली.” ती हसली, आणि मग पदर तोंडाशी धरून बसली.

त्या वेळी ती वाचली. आठ दिवसांनी भाऊच तिला घेऊन परत गेले. त्याच डोंग्यातून, पुन्हा भांडत.

संध्याकाळ व्हायच्या आत मी निघालो. अलीकडच्या काठाजवळ, कोरड्या वाळूत, डोंगा पालथा घातलेला होता. तोच नावाडी बाजूला डांबर तापवत बसला होता. पावसाळ्याची तयारी. मी थांबलो, त्यानं ओळखलं. डोंग्याच्या तळाला मधोमध एक नवा पत्रा ठोकलेला होता, चारी बाजूंनी खिळे, अगदी दाट.

“हे काय?” मी विचारलं.

“फट होती तिथी. बहुत वर्स होती, आमी तसेच चालवत होतो,” तो म्हणाला. “मंग भाऊ रोज काठावर येऊन बसे न बोलत राहे. पत्रा मारेपर्यंत त्यानं मले जेवू नाई देल्लं.”

त्यानं फडकं डांबरात बुडवलं आणि पत्र्याच्या कडेनं फिरवायला लागला.