पिठीचे विलायतेचे कागद

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो, त्यामुळे लग्नाकार्यात कुणी भेटलं की हमखास म्हणतं, "खैरनार, एखादा किस्सा होऊन जाऊ दे!" मग मी ठरलेले सांगतो. म्हैस मागच्या दाराने पळाली तो, माकडाने डॉक्टरांचा चष्मा नेला तो. लोक हसतात, मी जिलबी खातो.

पण एकट्या पिठीचेच माझ्याकडे सहा-सात किस्से आहेत. ते मी सहसा काढत नाही. पहिल्या दोनला लोक हसतात, आणि पुढे एकेक जण पाणी प्यायला म्हणून उठतो.

आज तुम्ही चौघंच आहात, आणि पाण्याचा तांब्या इथेच आहे. तेव्हा ऐका.

*

साल ऐंशीच्या आसपासचं. सोमवार म्हणजे आमच्याकडे गर्दीचा वार. सायखेड्याचे दोन बैल, चार शेळ्या, एक लंगडी गाय, आणि त्यांच्यामध्ये बाकावर ताठ बसलेल्या एक बाई. पांढरी सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून मांजरीचं डोकं बाहेर. रंग असा, की राखाडी मांजर पिठाच्या डब्यात पडून उठलीय.

नंबर आला. आमचे डॉक्टर देवरे म्हणाले, "काय होतंय हिला?"

"हिला काही होत नाही," बाई म्हणाल्या. "हिला इंग्लंडला जायचंय."

आमचा ड्रेसर पुंजाबा शेळीचे पाय धरून उभा होता. तो म्हणाला, "का हो बाई, तिकडं मांजरी नाय का?"

या साळवेबाई. नगरपालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, राहायला नाशिकरोडच्या कॉलनीत. मुलगा मिलिंद इंग्लंडात, एका हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत. दोन वर्षांपूर्वी साळवे गेले आणि मिलिंदच्या दर पत्रात एकच ओळ येऊ लागली, "आई, आता तू ये." सून बाळंत व्हायची होती. बाई तयारही झाल्या. फक्त अट एकच, ही पिठी बरोबर.

"ह्यांनी मालधक्क्यावरून मफलरमध्ये गुंडाळून आणली होती," बाईंनी सांगितलं. "एवढीशी. आता नऊ वर्षांची आहे. तिला कुणाकडे ठेवू?"

डॉक्टर म्हणाले, "कागदच करायचेत ना? महिन्याभरात होऊन जातील!"

माणूस स्वभावाने फार आशावादी.

*

पहिला फॉर्म इंग्रजीत होता. डॉक्टर वाचायचे, मराठी करून विचारायचे, मी टाइप करायचो. नाव झालं, वय झालं, रंग झाला. मग डॉक्टरांनी विचारलं, "जात?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"माझ्या शाळेच्या दाखल्यावर एकदा लिहिली होती डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ती आम्हा घराला तीन पिढ्या पुरली. हिची नको."

डॉक्टर गोरेमोरे झाले. "अहो बाई, ब्रीड हो, ब्रीड!"

"इंग्रजी येतं मला. मांजर लिहा."

मी टाइप केलं, कॅट. सही-शिक्का होऊन फॉर्म गेला, आणि दीड महिन्याने परत आला. रकाना अपुरा आहे म्हणून! डॉक्टरांनी जाडजूड पुस्तक काढलं, अर्धा तास शोधलं आणि लिहायला सांगितलं, डोमेस्टिक शॉर्टहेअर.

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"घरची. आखूड केसांची."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

बाई पिठीच्या कानामागे खाजवत म्हणाल्या, "आमचंही एवढंच लिहिलं असतं तर किती बरं झालं असतं."

*

मग रेबीजची लस. लस यायची ती कुत्र्यांसाठी, मांजरीला किती द्यायची ते कुठेच छापलेलं नव्हतं. डॉक्टरांनी अंदाज बांधला, पुंजाबाने पिठीला धरलं, आणि पिठी पुंजाबाला चावली. चांगली अंगठ्याला, रक्त येईस्तोवर.

आता नियम असा, की माणसाला चावलेलं जनावर दहा दिवस देखरेखीखाली ठेवायचं. तोवर त्याला निरोगी असल्याचा दाखला देता येत नाही. फॉर्मवरच छापलं होतं, "सदर जनावराने अलीकडे कोणास दंश केलेला नाही." दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर चावलेलं! नाही म्हणायचं तरी कसं?

बाईंचं तोंड उतरलं. पुंजाबाला तर पोटात इंजेक्शनं घ्यायला पाठवायचं होतं, पण त्याला स्वतःपेक्षा बाईंचं वाईट वाटत होतं. अंगठ्याला बोळा दाबून तो म्हणाला, "सायेब, असं लिव्हा ना, का मीच तिला चावलो!"

*

पिठी दहा दिवस आमच्या मागच्या पिंजऱ्यात राहिली. बाई रोज सकाळच्या बसने नाशिकरोडहून यायच्या. डब्यात दूध-पोळी कुस्करलेली. पिंजऱ्याजवळ स्टूल घेऊन संध्याकाळपर्यंत बसायच्या. कधी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायच्या, तिला ऐकू जावं म्हणून.

चौथ्या दिवशी पिठीने खाणं सोडलं. सहाव्या दिवशी ती तोंड भिंतीकडे करून बसली, हाक मारली तरी वळेना.

नेमकं त्याच दिवशी मिलिंदचं पत्र आलं. सोबत तिकडची छापील नियमावली. बाईंना चष्म्यातूनही बारीक अक्षर लागेना, म्हणून डॉक्टरांनी वाचली. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"उतरल्यावर वेगळं ठेवतात. रेबीजची भीती आहे ना त्यांना. भेटायला जाता येतं पण."

"किती दिवस ठेवतात?"

"सहा महिने."

बाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "मांजराचे सहा महिने म्हणजे माणसाची किती वर्षं हो, डॉक्टर?"

"या वयात… दोनेक वर्षं धरा."

पिठीने न खाल्लेली दूध-पोळी त्यांनी परत डब्यात भरली. मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "मिलिंद गेला तेव्हा तोही म्हणाला होता, सहा महिन्यांत येतो. अकरा वर्षं झाली. तो जगला ना? हीपण जगेल."

दहाव्या दिवशी पिंजरा उघडला. पिठी बाहेर आली नाही. बाईंनी आत हात घालून तिला उचललं, पिशवीत ठेवलं. ती इतकी हलकी झाली होती की बाईंनी पुन्हा पिशवीत वाकून पाहिलं, आहे ना म्हणून.

*

पुढचा किस्सा माझा आहे. हा मी कुणालाच सांगत नाही.

निरोगी असल्याचा दाखला दहा दिवस चालायचा. आमचा दाखला, त्यावर वरच्या साहेबांची सही, मग मुंबई. वरचे साहेब दौऱ्यावर असले की दहा दिवस तिथेच संपायचे. मग पुन्हा तपासणी, पुन्हा दाखला. पिठी अशी पाच वेळा निरोगी ठरली. प्रत्येक वेळी थोडी आणखी बारीक.

सहाव्या वेळी सगळं जुळलं. साहेब जागेवर, तिकडच्या मांजरांच्या कोंडवाड्यात नंबर लागलेला. मी घाईने टाइप केलं. समोर नमुना म्हणून देवळालीच्या एका मेजरसाहेबांच्या कुत्र्याचा जुना दाखला ठेवला होता. वर सगळीकडे कॅट बरोबर लिहिलं, आणि शेवटच्या ओळीत माझ्या हातून गेलं, "सदर कुत्रा प्रवासास योग्य आहे."

डॉक्टरांनी सही केली. साहेबांनी सही केली. बाईंनीही वाचलं नाही. मुंबईला बरोबर वाचलं गेलं.

कागद परत आले, नंबर गेला. पुढचा नंबर तीन महिन्यांनी.

बाई परत आल्या त्या दिवशी मी मान वर केली नाही. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील, बोलाव्याच.

"खैरनार, माझ्या वर्गात असता, तर शंभर वेळा लिहून घेतलं असतं."

"लिहितो बाई," मी म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमची रिबन संपेल."

त्याच आठवड्यात तिकडे सून बाळंत झाली. मुलगी. बाईंनी तार दाखवली आणि पेढा दिला. तो मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

*

तीन महिन्यांनी मात्र पाकीट आलं! विलायतेचा परवाना. पिठीचं नाव, रंग, जन्माचं वर्ष, आणि खाली ठळक अक्षरात, प्रवेश मंजूर. पुंजाबाने तो कागद दोन्ही हातांनी धरून बाकावरच्या प्रत्येक शेतकऱ्याला दाखवला. "आपल्या दवाखान्याची मांजर हाय! लय लांब चालली!" भद्रकालीतल्या रफीक मिस्त्रीने विमानाच्या मापाची पेटी बनवली. आतून गोधडीचा तुकडा लावला, तो त्याच्या बायकोने शिवून दिला होता.

आता राहिला बाईंचा स्वतःचा परवाना. ते काय, मुलगाच तिकडे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मुंबईला इंग्लंडच्या वकिलातीत बाईंना एकट्यांनाच आत घेतलं. मिलिंदने पत्रात बजावलं होतं, "आई, सांग की मला इथे कुणी नाही, माझं मला काही होत नाही."

साहेबाने विचारलं, "तुमचा चरितार्थ कोण चालवतं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "पेन्शन आहे मला."

"घरचं काम?"

"मीच करते. कुणी कशाला हवं?"

"इथे तुमचं असं कोणीच नाही?"

चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेलं. बाई म्हणाल्या, "कोणीच नाही असं कसं म्हणू? पिठी आहे."

तिथला कारकून हसला. साहेब हसला नाही, त्याने लिहून घेतलं.

नकार महिन्याभराने आला. अर्जदार मुलावर अवलंबून असल्याचं दिसत नाही, असं कारण होतं.

*

बाई इंग्लंडला गेल्या नाहीत. मिलिंदने तिकडे अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. तो दोनदा येऊन गेला. नात बाईंनी फोटोंतच वाढताना पाहिली, एकदा ट्रंक कॉलवर तिचा आवाज ऐकला, तोही नीट कळला नाही. पिठीच्या परवान्याची मुदत कपाटातच संपली. नंतर चार वर्षं ती जगली, पण त्या दहा दिवसांनंतर अंगाने भरली अशी कधी नाहीच. रफीक मिस्त्रीच्या पेटीत बाई पापड ठेवायच्या.

हे आधीच सांगून टाकलं, कारण आता जे सांगतो त्यानंतर मला काही सांगता येत नाही.

नकार आला त्याच्या पुढचा सोमवार. तशीच गर्दी. कळवणकडचा एक म्हातारा बैल घेऊन आलेला, दोन शेळ्या, एक वासरू. बाई बाकावर बसल्या होत्या, ताठ. हातात पिशवी नव्हती. पुंजाबा म्हणाला, "बाई, तुमी आत चला ना." त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. नंबर आल्यावरच उठल्या.

डॉक्टर म्हणाले, "पिठी कुठे आहे?"

"घरी. तिचं सगळं झालंय." बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी कागद काढला, वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. डॉक्टर सटाण्याकडचे. आमच्याशी कायम शुद्ध बोलायचे, पण त्या दिवशी तोंडातून घरची अहिराणी निघाली, "हाई काय शे?"

बाईंनी खुर्ची ओढून घेतली, बसल्या, आणि साडीचा पदर सावरून उजवा हात टेबलावर उताणा ठेवला.

"आता माझं बघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसायला गेले. बाई हसत नव्हत्या.

"अहो बाई… हा जनावरांचा दवाखाना आहे."

"माहीत आहे. म्हणूनच आले. इथले कागद तिकडे चालतात. माणसांचे चालले नाहीत."

बाहेर वासरू हंबरत होतं. पुंजाबाने जाऊन दार लोटून घेतलं. डॉक्टर उठले. मोरीपाशी गेले, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, कपाटातला नवा टॉवेल काढून पुसले. परत येऊन बसले. बाईंचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहू लागले.

बाई काहीतरी म्हणायला गेल्या.

"बोलू नका बाई," डॉक्टर म्हणाले. "मोजतोय."