स्मॉल पेन

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आता लिहितो, हसायचं तर हसा.

सणसवाडीच्या कारखान्यातून मी कॅनडात गेलो, तेव्हा मला इंग्रजी येतं अशीच माझी समजूत होती. टूल, ब्रेकडाऊन, सेकंड शिफ्ट, ओके सर. मशीनपुरतं ते पुरायचं. वर्षभरानं बायको आली. दौंडची. तिला वाटायचं, नवरा फाडफाड बोलतो. मीही तसं वाटू दिलं. दुकानात, बँकेत मी पुढं, ती मागं. समोरच्याचं निम्मं कळायचं नाही. "येस, येस" म्हणून सुटायचो.

एकदा तिचं पोट दुखू लागलं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सांगा त्यांना, आधी बेंबीपाशी मुरडा व्हता, आता उजवीकडं ठणकतंय. पाय सरळ केला का कळ निघती. दोनदा उलटी झाली."

मी डॉक्टरला म्हणालो, "स्मॉल पेन, सर." त्यानं लांबलचक काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "येवढं सगळं दोन शब्दांत बसलं व्हय?"

"इंग्रजी तसंच असतं."

दोन दिवसांनी अपेंडिक्स फुटलं. ती वाचली, पण थोडक्यात. घरी फोनवर मी सांगितलं, इथल्या डॉक्टरला कळलंच नाही.

पुढं सुट्टीवर दौंडला गेलो. जेवताना सासऱ्यांनी त्या डॉक्टरचा उद्धार सुरू केला. "आपला शिरूरचा कंपाउंडर बरा की वो, पाव्हणं!" बायको वाढत होती. तिचा हात थांबला. तिला सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मामा, डॉक्टरचं चुकलं न्हाई," मी म्हणालो. "मला बोलता येत न्हवतं. आन् येत न्हाई हे सांगायची लाज वाटली."

सासरे ताटातच हात धुऊन उठले. बायको एवढंच बोलली, "पुढच्या खेपंला मीच बोलनार."

परत गेल्यावर तपासणीला ती खुर्ची पुढं ओढून बसली. टाक्यांची जागा अजून दुखायची. "हियर," म्हणून तिनं हात ठेवला. शब्द अडला तिथं सरळ "ठणका" म्हणाली, आणि मूठ उघडून मिटून तो कसा असतो तेही दाखवलं. डॉक्टरनं लिहून घेतलं. मग त्यानं माझ्याकडं वळून काही विचारलं.

मी मोठ्यांदा म्हणालो, "नॉट अंडरस्टँड. अगेन. स्लो."

बाहेर बसलेली माणसंही वळून बघायला लागली. बघू देत.