बैलाने खाल्लेलं बाशिंग

मला शिवायला आवडतं. कागद दुमडून, कापून, चिकटवून फुलं आणि झालरी करायलाही आवडतं. यात पोटापाण्याचा काही संबंध नाही. घरी काळ्या मातीचं रान आहे, दोन बैलजोड्या आहेत, कापूस चांगला निघतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याने ज्याने मला सुई धरलेली पाहिली त्याने पहिला प्रश्न हाच केला, की घरी काही अडचण आहे का.

सुरुवात अमरावतीच्या कापूसबाजारात झाली. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कुणी ऐकला नव्हता असा भाव आला. गाड्यांची रांग बाजारातून पार गावाबाहेर जाई. आपली पाळी येईपर्यंत कुणी पत्ते खेळे, कुणी नुसता भावावर बोले. बोजा फाटला तर दाभणाने शिवावा लागतो, ते प्रत्येक गाडीवाल्याला येतं. माझे टाके एकमेकांपासून सारख्या अंतरावर पडतात, हे मला त्या रांगेत दिसलं. दिसलं आणि फार बरं वाटलं. मग मी बारीक सुई घेतली. गावच्या शिंप्याकडून चिंध्या आणल्या. व्यापारी कापसाचा नमुना निळ्या कागदात गुंडाळून ठेवत आणि सौदा झाला की कागद पायाखाली टाकत. तेही मी गोळा करू लागलो.

दुपारी जेवणानंतर ओसरीच्या कडेला उजेड चांगला पडतो. तिथे मी बसतो. कागदाची घडी आधी अर्धी, मग पाव, मग अर्धपाव. कात्री एकदाच फिरवायची आणि उलगडलं की आठ पाकळ्या सारख्या. एक जरी लहानमोठी निघाली तर मी तो कागद फाडून टाकतो. गोधडीचंही तसंच. ठिगळं पुष्कळ रंगांची घेतो, पण चौकोन चौकोनाला जुळलाच पाहिजे. हे काम करताना डोक्यात दुसरं काही राहत नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात जिथे कापसाचा भाव डोक्यात शिरत नाही अशी जागा माझ्या माहितीत तेवढी एकच होती.

लोकांना हे खटके. माणसाकडे पैसा आला की त्याने हात वापरू नयेत, असा नवाच नियम झाला होता. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची झूल पूर्वी घरोघरी जुन्या लुगड्यांची शिवत. आता मखमलीची विकत आणत. बैलाच्या कपाळाचं बाशिंग पूर्वी कागदाचं आणि बेगडीचं असे. आता चांदीच्या पत्र्याचं करून घेत. मोठे भाऊ मला म्हणत, "एवढ्या वेळात तू बाजारात दोन सौदे केले असते." मी हिशेबी माणूस आहे. तो हिशेब मीही करून पाहिला. बरोबर होता. फक्त वेळ माझा होता, आणि तो मला विकायचा नव्हता.

त्यातच थोरल्या मुलीची सोयरीक आली. स्थळ अकोल्याकडचं होतं. माणसं आमच्यातलीच, रान आमच्या दुप्पट, मुलगा शांत. अकोल्यात नवं घर बांधून झालं होतं. मुलाचे वडील पोळ्याला आमच्याकडे येणार आणि अमावास्या टळली की दुसऱ्या दिवशी पोरीला कुंकू लावून जाणार, असं ठरलं. आमच्या घराला यापेक्षा चांगलं स्थळ मिळालं नसतं. बायको त्या आठवड्यात कुणावरही ओरडली नाही.

भावांनी बजावलं, "या साली मखमल आण. पाव्हने पाहतीन."

"झूल शिवून झाली," मी म्हणालो. "बाशिंगही झाले."

"पाव्हन्याले काय सांगू मी?"

"मी शिवले म्हना."

झूल चांगली झाली होती. बैलाच्या वशिंडाला कापड अडतं आणि एका बाजूला ओढलं जातं, म्हणून मी तिथे गोल कापून तिकोनी तुकड्याची कळी बसवली होती. बाशिंगं निळ्या कागदाची होती, वर कमळं, मधे बेगडीचे गोल. चूक एकच झाली. चिकटवायची खळ मी ज्वारीच्या पिठाची शिजवली होती, आणि घट्ट धरावी म्हणून तिच्यात गूळ घातला होता.

पोळ्याच्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या. पाऊस भुरभुरत होता. त्या दिवशी बैलाला मालक आपल्या हाताने पुरणपोळी भरवतो, त्यामुळे आमचे बैल सकाळपासून गोडच खात होते. भुरभुर पावसाने खळ भिजली, वास सुटला. उजवीकडच्या बैलाने मान वळवली आणि डावीकडच्याच्या कपाळावरचं बाशिंग शांतपणे ओढून घेतलं. मी पुढे झालो तोवर कमळं गेली होती. बेगडीचे गोल तेवढे त्याने थुंकले.

तोरणाखाली झडत्या म्हणायची रीत आहे. एकाने जोडून म्हणायची, बाकीच्यांनी शेवटी महादेवाचा गजर करायचा. त्यात कुणाचीही टिंगल चालते, राग धरायचा नसतो. माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने तिथल्या तिथे म्हटली:

"कापसाचा भाव गेला आभायाले,
आमचा शिंपी बसला ठिगयाले,
चारा नाई घरच्या बैलाले,
कागद देला खायाले,
बोला हर हर महादेव."

सगळ्या गावाने गजर केला. पाहुण्यांनीही केला. मीही केला. झडती चांगली जमली होती.

घरी आल्यावर बैल अंगणात बांधले. पाहुणे ओसरीवर टेकले आणि मला म्हणाले, "हे शिवनं घरच्या बाया करतात, का तुमी?"

"मीच करतो."

"आन् कागदाचं?"

"ते बी मीच."

"काहून पन? कापसाचे पैसे मडक्यात पुरून ठेवले काय?"

"आवडते म्हनून."

"आवडते," ते भावांकडे पाहून म्हणाले. "याच्यावर तं दवाई नाई."

भाऊ हसले. पाहुणे हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आपली अडचण सरळ सांगितली. "लग्नाले आमची मानसं अकोल्याहून येतीन. ते पुसतीन, पोरीचा बाप काय करते. मले सांगता आलं पायजे. आज पोया हाये. बैलाच्या पाठीवर हात ठेवा आन् म्हना, सुई-कैची बंद. सकायी कुंकू लावतो."

बैलाच्या पाठीवर हात ठेवून दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. पोळ्याच्या दिवशी तर नाहीच. दाराआड बायको उभी होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"ठेव रे हात," भाऊ म्हणाले. "शब्दच तं द्याचा हाये."

शब्दच द्यायचा होता म्हणून तर अडचण होती. मी उठलो. ज्याने बाशिंग खाल्लं त्याच बैलाजवळ गेलो आणि त्याच्या पाठीवर, माझ्या झुलीवर, हात ठेवला. म्हणालो, "पोरीच्या लग्नातलं बाशिंग मी माह्या हातानं करीन. हा शब्द."

पाहुणे रात्री जेवले, कारण जेवण तयार होतं. सकाळी कुंकू न लावता निघून गेले.

बायको म्हणाली, "बाशिंगाले नवरदेव लागते. तेवढा पाहून ठेवा."

तिसऱ्या प्रहरी मी ओसरीवर बसलो तशी मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, मले आता कोनी करन का नाई?"

"करन," मी म्हणालो. या उत्तराला कशाचाही आधार नव्हता, आणि ते तिलाही कळलं असावं, कारण ती तिथेच बसून राहिली. तिच्यासमोर सुई उचलायची मला लाज वाटली का, असं कुणी विचारेल. नाही वाटली. लाज वाटली असती तर तिलाही वाटली असती, आणि मग जन्मभर तिने बापाबद्दल मान खाली घातली असती. मी सुईत दोरा ओवला. तिला म्हटलं, हे टोक धर.

त्यानंतर दोन घरं विचारून गेली आणि गप्प झाली. गावात मला शिंपी म्हणू लागले. शिंपी म्हणजे शिवी नव्हे, म्हणून मी ओ देत असे. खऱ्या शिंप्याला मी विचारलं, तुले राग तं नाई ना. तो म्हणाला, "राग कायचा मालक? एक झूल शिवाले तुमाले पावसाया पुरत नाई. माह्या पोटाले तुमच्यापासून काय भेव हाये?"

खळीचं मात्र मी मनावर घेतलं. ज्वारीची, गव्हाची, मेथीची, डिंकाची, अशा वेगवेगळ्या खळी करून कागदाचे तुकडे चिकटवले आणि त्याच बैलापुढे धरले. ज्वारीचा आणि गव्हाचा त्याने खाल्ला. मेथीचा वास घेऊन, मग खाल्ला. डिंकाचा चाटला. चिंचोके भाजून, दळून शिजवलेल्या खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या बैलापुढे धरलं, त्यानेही फिरवलं. भाऊ पलीकडून पाहत होते. म्हणाले, "आता बैलाचीच पसंती घे. मानसाची तं राह्यली नाई."

पुढे लढाई मिटली आणि कापसाचा भाव उतरला. मखमलीच्या झुली कुठे कुठे मोडीत निघाल्या. त्याचा मला आनंद झाला नाही, माझाही कापूस त्याच भावाने गेला. एवढं मात्र सांगतो, की भाव चढता असताना मी शिवत होतो आणि उतरल्यावरही शिवत होतो, आणि दोन्ही वेळा लोकांना ते चुकीचंच वाटलं. आधी म्हणत, पैसे असून शिवतो. मग म्हणू लागले, पैसे नसून वेळ घालवतो.

एलिचपूरच्या वाटेवरच्या एका गावाहून स्थळ आलं ते याच दिवसांत. मुलाचे वडील एकटेच आले. ते अंगणात शिरले तेव्हा ओसरीवर मी सगळं मांडून ठेवलं होतं. दोन गोधड्या, झूल, कागदाची फुलं, सुई, कात्री. बायकोने कपाळावर हात मारला.

"दुकान मांडलं काय?" ते म्हणाले.

"दुकान नाई. हे मी करतो. आवडीनं करतो, सोडनार नाई. मांगून पुसाल म्हनून आधी दाखवलं."

ते खाली बसले. गोधडी उचलून त्यांनी उलटी केली आणि मागच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"दारू पेता?"

"नाई."

"कापसाचा सट्टा?"

"कधीच नाई."

"आमच्या घरी एक जन खेयला," ते म्हणाले. गोधडी घडी करून ठेवली. घडी मूळच्या घडीवरच केली, हे मी पाहिलं. मग म्हणाले, "माही एक अट हाये."

भाऊ पुढे सरकले. मी जागचा हललो नाही. उत्तर माझ्यापाशी तयार होतं आणि ते पहिल्यासारखंच होतं.

"माह्या पोराचं डोकं मोठं हाये," ते म्हणाले. "बाजारातलं बाशिंग त्याले बसत नाई. तुमी मापानं करजा."

मी दोरा तोडून त्यांच्या हातात दिला. सांगितलं, कपाळावरून फिरवा आणि जिथे टोक जुळेल तिथे गाठ मारून पाठवा, सैल नको.

"आधी पानी तं द्या पाव्हन्याले," बायको आतून म्हणाली.