चुना न मिसळलेला रस्ता

बी.एस्सी. झाल्यावर मी शाळेत शिकवीन असं घरी सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आदेश आला तो मात्र रस्त्यांच्या खात्याकडून, माती तपासायच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून. बाबा तेव्हा कापडगिरणीत होते. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मातीत तपासाचं काय असते वं?" मलाही ठाऊक नव्हतं. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं, आमच्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेली मी पहिलीच मुलगी होते, आणि काम मातीचं आहे म्हणून नाक मुरडण्याइतकी चैन आम्हाला परवडणारी नव्हती.

प्रयोगशाळा नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या एका बैठ्या इमारतीत होती. तिथे मी एकटीच बाई. प्रमुख पन्नाशीचे होते, त्यांना सगळे सर म्हणत. त्यांनी मला हाताला धरून शिकवलं हे मी आजही नाकारत नाही. लोखंडी साच्यात मातीचे तीन थर कसे भरायचे, प्रत्येक थरावर वजन किती उंचीवरून टाकायचं, ठोके मोजताना मन कुठे भटकू द्यायचं नाही. कोरडी माती कितीही ठोकली तरी तिचे कण एकमेकांत बसत नाहीत, आणि पाणी फार झालं तर पाणीच जागा अडवून बसतं. मधला एक ओलावा असतो, त्यावरच माती घट्ट होते. तो ओलावा प्रत्येक मातीचा वेगळा. तो शोधून काढणं हे आमचं काम.

दुसऱ्या वर्षी उमरेडच्या बाजूच्या एका रस्त्यासाठी तांबड्या मातीची पोती आली. गेरूसारखा रंग, मध्ये मध्ये खडे. त्या मातीने मला महिनाभर छळलं. ठोकली की विटेसारखी टणक व्हायची, आणि पाण्यात ठेवली की सकाळी भांड्यात नुसता लाल गाळ. मग सरांनी चुना मिसळून पाहायला सांगितलं. थोडा, मग थोडा आणखी. शेवटी एक प्रमाण सापडलं. चुना मिसळायचा, नेमकं पाणी घालायचं, दाबायचं आणि आठवडाभर ओल्या पोत्याखाली ठेवायचं. तो ठोकळा मी चार दिवस पाण्यात बुडवून ठेवला. बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि चप्पल काढून त्याच्यावर एका पायाने उभी राहिले. काही झालं नाही! सर हसत सुटले, त्यांनी शेजारच्या खोलीतल्या कारकुनांनाही बघायला बोलावलं. शिफारशीच्या कागदावर त्यांच्या सहीखाली त्यांनी माझं नाव घालायला लावलं. त्या संध्याकाळी मी सीताबर्डीवरून घरी पेढे घेऊन गेले.

रस्त्याचं काम उन्हाळ्यात सुरू झालं. दाबलेल्या मातीचा घट्टपणा जागेवर जाऊन तपासायचा असतो आणि ते काम माझ्याकडे आलं. पहाटेची एस.टी. धरायची, एक शिपाई तराजू आणि वाळूचा डबा घेऊन सोबत असायचा. तपासणी तशी साधी. रस्त्यात एक छोटा गोल खड्डा करायचा, निघालेली माती सगळी गोळा करून तोलायची, मग खड्ड्यात मोजकी कोरडी वाळू ओतायची. किती वाळू मावली यावरून खड्डा केवढा ते कळतं, आणि एवढ्या जागेत माती किती वजनाची बसली होती तेही कळतं.

पहिल्या दिवशी उपअभियंता स्वतः हजर होते. पांढरा शर्ट, काळा चष्मा, बोलणं अगदी गोड. "या मॅडम, इथे घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी बुटाच्या टोकाने जागा दाखवली. मी तिथे तीन खड्डे केले. तिन्ही उत्तम निघाले. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. माझ्याच मातीचा रस्ता होऊन राहिला होता, मला आनंदच झाला होता.

ती सही मी केली. दुसऱ्या कुणी माझा हात धरला नव्हता.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा उपअभियंता आले नव्हते. रस्त्यावर पाणी मारायचं काम पंधरावीस बाया करत होत्या. शेतातल्या एका विहिरीवरून डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरी, आणायचे आणि मातीवर शिंपडायचं. पाण्याचा टँकर कुठे आहे म्हणून मी रोलरवाल्याला विचारलं, तर त्याने नुसते हात वर केले. त्या बायांत एक साठीला टेकलेली बाई होती, बाकीच्या तिला मोठीबाई म्हणत. मी मागच्याच जागेशेजारी तराजू मांडला तशी ती गुंड खाली ठेवून जवळ आली.

"इथंच काहून खोदता वं बाई दरवेळी?"

"मागच्या वेळी साहेबांनी हीच जागा दाखवली होती."

"दाखवतीलच ना! या तुकड्यावर आमाले दोन दिवस पाणी माराले लावलं. चुना बी इथंच टाकला. पुढं पाहा ना जाऊन. पुढं नुसती कोरडी माती दाबून राहिले."

मग ती खाली वाकली, मातीची मूठ घेतली आणि माझ्यासमोर वळून दाखवली. "माती अशी पाह्यजे. लाडू वळला पाह्यजे, पण हाताले चिकटला नाही पाह्यजे. हे पुढचं वळतच नाही. मी त्याहिले सांगतलं, तर म्हणे तुले काय समजते."

जे शोधायला मला साचा, तराजू आणि महिना लागला होता ते ती मुठीत सांगत होती, आणि तिला गप्प बसवलं गेलं होतं.

आम्ही पुढे चालत गेलो. मी शंभरेक पावलांवर खड्डा केला. माती कुदळीशिवायच हाताने निघाली, भुसभुशीत. आणखी पुढे केला, तीच गत. माझ्या पिशवीत एक औषधाची बाटली होती, प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन. चुना असला की त्याचा थेंब लालगुलाबी होतो. दाखवायच्या तुकड्यावर थेंब टाकला, माती लगेच गुलाबी झाली. बाया जमल्या, काही हसायला लागल्या. मग मी पुढच्या खड्ड्यात थेंब टाकला. काही नाही. त्याच्या पुढच्यात काही नाही. आम्ही उन्हात जवळजवळ मैलभर चाललो, मी थेंब टाकत आणि त्या सगळ्या वाकून बघत. कुठेच रंग नाही.

"म्हणजे चुना रस्त्याले नाही, आपल्याले लावला," मोठीबाई म्हणाली.

नागपूरला येऊन मी अहवाल लिहिला. प्रत्येक खड्ड्याची जागा, वजन, थेंबाचा निकाल. कार्बन लावून एक प्रत माझ्या वहीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांनी दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. माझा कागद त्यांच्यासमोर होता.

"उघड्यावर वाऱ्याने तराजू हलतो," ते म्हणाले. "पुन्हा तपासू. तोवर हे राहू दे."

"सर, तराजू हलला तर वजन थोडं चुकेल. रंग कसा चुकेल?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तू नवीन आहेस. मला दोन वर्षं राहिली आहेत. मधले काही आकडे सोडून सरासरी काढू, म्हणजे कुणालाच त्रास नाही."

उपअभियंत्याचा मला राग होता, पण तो परका माणूस. सरांनी मला ठोके मोजताना मन भटकू द्यायचं नाही असं शिकवलं होतं, आणि आता तेच आकडे सोडून द्यायला सांगत होते. मी सरासरीच्या कागदावर सही केली नाही. सरांनी तो कागद स्वतःच्या सहीने पाठवला.

पुन्हा तपासणी झालीच नाही. रस्त्यावर खडी आणि डांबर पडलं, साहेबांना हार घालून वाहतूक सुरू झाली. पावसाळ्यात दोन महिने गेले नाहीत तोवर रस्ता बसला. एका सकाळी नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्याकडे निघालेले रोगी घेऊन येणारी एस.टी. चाकांच्या अर्ध्यापर्यंत रुतली. लोकांनी खाटा आणून माणसं उचलून पक्क्या सडकेपर्यंत नेली. त्याची बातमी झाली म्हणून चौकशी बसली. बातमी झाली नसती तर तीही बसली नसती.

चौकशीसमोर ठेवायला खात्याने तयार केलेल्या टिपणात काय लिहिलंय ते मला एका कारकुनाने दाखवलं. माझ्या पहिल्या तीन खड्ड्यांचा अहवाल, माझ्या सहीसकट, काम चोख झाल्याचा पुरावा म्हणून जोडला होता. माझ्या दुसऱ्या अहवालाचा पत्ता नव्हता. आणि दोष कुणाचा? पाणी मारणाऱ्या मजूर बायांनी पाणी नीट मारलं नाही, त्यांचा. त्या टोळीला खात्याच्या कुठल्याही कामावर घेऊ नये असा शेरा होता. विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायांनी रस्ता बुडवला! टँकर कुठे होता हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. तो कारकून म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम, तुमचं नाव तर चांगल्यातच आहे." माझं नाव चांगल्यात होतं याचीच मला शिसारी आली.

मी रजा टाकून त्या गावी गेले. मोठीबाईला टिपणातलं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीन महिने झाले, कामावर घेऊन नाही राहिले. आमाले वाटलं, काम नसंल. हे कारण हाय काय?" दुसऱ्या बाईने विचारलं, "तुमच्या साहेबाले आमी भेटू शकतो काय?" मी हो म्हटलं, कुणाला न विचारता. परत निघण्याआधी आम्ही रस्त्याच्या दोन जागची ढेकळं काढली. एक दाखवायच्या तुकड्यातलं, एक पुढचं. कुदळ मोठीबाईनेच चालवली.

चौकशीच्या दिवशी सात बाया पहिल्या गाडीने नागपूरला आल्या आणि कचेरीच्या व्हरांड्यात बसल्या. त्यांना आत बोलावणार नाही असं शिपायाने सांगितलं. अहवालावर सही माझी म्हणून मला बोलावणं होतं; मी दोन्ही ढेकळं, बाटली आणि वही घेऊन आत गेले. चौकशी करणारे अधिकारी मुंबईहून आले होते. बाजूला उपअभियंता बसले होते, आणि टेबलाच्या टोकाला सर.

मी वहीतली कार्बनची प्रत समोर ठेवली. मग दोन्ही ढेकळांवर थेंब टाकला. एकही गुलाबी झालं नाही.

उपअभियंता हसले. "साहेब, चुना हवेत मुरतो. सहा महिन्यांनी रंग येतच नाही. म्हणजे हिच्या या खेळाला काही अर्थ नाही."

ते खरं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं याचा मला जास्त संताप आला. रसायन एवढं कळत होतं तर रस्त्यात चुना का नाही टाकला? पण मी तसं बोलले नाही. मी अधिकाऱ्यांच्या टेबलावरचं पितळी पेपरवेट उचललं आणि दोन्ही ढेकळं त्यांच्या काचेवरच फोडली. "हवा बाहेरून लागते साहेब, आतपर्यंत इतक्या लवकर पोचत नाही," म्हटलं आणि फुटलेल्या बाजूंवर थेंब टाकले. दाखवायच्या तुकड्यातलं ढेकूळ आतून गुलाबी झालं. दुसरं तांबडं होतं ते तांबडंच राहिलं.

अधिकाऱ्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. मग त्यांनी सरांना विचारलं, "हा दुसरा अहवाल तुमच्याकडे आला होता?"

सर म्हणाले, "आठवत नाही."

मी दार उघडलं आणि मोठीबाईला आत बोलावलं. शिपाई मध्ये आला, पण अधिकाऱ्यांनी हाताने त्याला थांबवलं. ती पदर सावरून टेबलासमोर उभी राहिली. तिला विचारलं, पाणी कसं मारत होतात. तिने विहीर किती लांब ते सांगितलं, टँकर दोनदाच पाहिला ते सांगितलं, आणि उपअभियंत्याकडे वळून म्हणाली, "आमी पाणी चोरून कुठं नेणार होतो गा साहेब? आमच्याच घरी प्याले नव्हतं."

न्याय झाला म्हणावं तर झाला नाही. बायांवरचा शेरा तेवढा खोडला गेला आणि पुढच्या हंगामात त्यांना दुसऱ्या सडकेवर काम मिळालं. उपअभियंत्याची बदली झाली आणि दोन वर्षांत बढतीही. अंतिम अहवालात रस्ता बसण्याचं कारण लिहिलं होतं: स्थानिक माती रस्त्यासाठी अयोग्य. ते वाचून मी कचेरीतच मोठ्याने ओरडले होते. मातीला बोलता येत नाही म्हणून तिच्यावर लोटून मोकळे झाले. मला प्रयोगशाळेतून काढून भांडारात बसवलं, तिथे मी सहा वर्षं पावत्या फाडल्या. नंतर अर्ज करून करून परत आले. आल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर कुठला खड्डा कुठे करायचा ते तपासणाऱ्याने स्वतः ठरवायचं, असा नियम लिहून घेतला. तो पाळला गेला की नाही हे मी प्रत्येक जागेवर जाऊन बघत असे. माझ्या या सवयीला कंटाळलेले बरेच लोक होते.

सर निवृत्त झाल्यावर एकदा आमच्या घरी आले. हातात संत्र्यांची पिशवी. खुर्चीत बसून म्हणाले, "त्या दिवशी मला आठवत होतं. तुझा अहवाल माझ्याच ड्रॉवरमध्ये होता."

"मला माहीत आहे सर."

ते काही वेळ बसले. आई आतून खुणावत होती, चहा विचार म्हणून. आमच्या घरी दारात आलेल्याला चहा न विचारता कधी परत पाठवलं नव्हतं. मी विचारला नाही. ते उठले, चपला घातल्या, आणि गेले. आई मला दोन दिवस बोलत होती. बोलू दे म्हटलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.