पानं गळालेली सीताफळं

गावाच्या गायरानात आम्ही मिळून लावलेल्या फळबागेत सीताफळाची एक ओळ माझ्याकडे होती. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. घरी अभ्यासाला जागा नव्हती तेव्हा गावानं मला वाचनालयाची किल्ली दिली होती. म्हणून बागेसाठी माणसं हवीत असं कळल्यावर मी लगेच नाव दिलं.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या अकराही झाडांची पानं पिवळी पडून गळू लागली. आमचं कडेगावकडचं ऊसवाल्यांचं गाव. काही सुकलं की पाणी सोडायचं, एवढंच ठाऊक. मी रोज झाडाला पाण्याचा एक कॅन घालत होते, त्याचे दोन केले. पानं गळतच राहिली. बागेचं बघणारे निवृत्त सुभेदारकाका शिस्तीचे. रविवारी ओळ उपटू, जूनमध्ये तिथं आंब्याची कलमं लावू, असं त्यांनी सांगून टाकलं. तीन वर्षं वाढवलेली झाडं जाणार म्हणून मला जेवण गोड लागेना.

शनिवारी सकाळी पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचा एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन बागेच्या कडेनं चालला होता. मला पाणी घालताना बघून तो थांबला.

"पोरी, निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी वततीस व्हय?"

मला काही उमगेना. तेव्हा त्यानं सांगितलं, त्यांच्याकडे सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून झोपतं, त्याला कुणी थेंबही घालत नाही. मग त्यानं नखानं एका फांदीची साल खरवडली. आत हिरवंगार. दुसऱ्या झाडाचीही हिरवी. तिसऱ्याची मात्र तपकिरी, आणि बुडाशी उकरलं तर मुळांना कुजका वास. ते झाड मी मारलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या पेपरात पानगळीवर मी पानभर लिहून आले होते.

"मग जागं कवा होतं, आबा?"

"ते त्याचं त्याला ठावं. मी कवा उठवाय गेलो न्हाई."

रविवारी सुभेदारकाका टिकाव घेऊन आले. मी त्यांच्यापुढे फांदी धरली आणि खरवडायला सांगितलं. त्यांनी एकेक करून अकराही झाडं तपासली. चार गेलेली, सात हिरवी.

"जूनपातूर थांबतो," ते म्हणाले. "पर तुझा कॅन माझ्याकडं जमा कर. तुझा हात ऱ्हाणार न्हाई."

मी रोज रिकाम्या हातानं जाऊन बघत राहिले. मेच्या शेवटी एका सकाळी गेले तर काका आधीच चष्मा लावून फांदीपाशी वाकलेले. पान जिथून गळालं होतं, नेमक्या त्याच खुणेतून बारीक लवदार कोंब वर आला होता. शेजारच्या फांदीवर एक वाळकं पान अजून चिकटून होतं. ते मी हलकेच काढलं. देठाच्या पोकळ बुडाखाली तसाच कोंब झाकलेला होता.

"हे तुमच्या पुस्तकात व्हतं का गं?" काकांनी विचारलं.

"असंल काका. मी कवा पान काढून बघितलं न्हाई."

त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या झाडापाशी जाऊन तिथलंही एक वाळकं पान काढून बघितलं.