पह्यले वाच, मंग दाब

ज्यांचं विंडोज मी उडवलं, ते बापू आज पहाटे गेले.

बापू म्हणजे ब्राह्मणपुरीचे निवृत्त मास्तर. शहाद्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि बापू माझं सगळ्यात चिकट गिऱ्हाईक.

चार वर्षांपूर्वी रखडणारा लॅपटॉप घेऊन आले.
"नवं लिनक्स टाकी दे. पन विंडोजले हात लावू नको. त्याम्हा तुन्ही काकू शे."

काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. जुन्या मोबाइलमध्ये आपोआप रेकॉर्ड झालेले तिचे अकरा कॉल विंडोजमध्ये होते. "मेथी लई या." "गॅस सरना." एवढंच.

दुसरी प्रत नव्हती. मी गाढवाने विचारलंही नाही.

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण हलकी प्रणाली. ती टाकताना मी फोन खांद्यात धरून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होतो. स्क्रीनवर दोन पर्याय. विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा सगळी डिस्क पुसा.

मी दुसरा दाबला.
खात्री आहे का, असं विचारलं. तेही दाबलं.

कळलं तेव्हा वायर ओढली, बॅटरी काढली.

"काय जायनं?" बापू समोरच्या स्टुलावरून म्हणाले.

खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हणालो, "बापू, मन्हं चुकनं. डिस्क पुसाई गई."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून लावून मी डिस्क धुंडाळली. तीन तास स्क्रीनवरची पट्टी सरकत होती. बापूंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

दहा कॉल मिळाले. अकरावा काही केल्या उघडेना.

बापूंनी दहाही ऐकले. मग लॅपटॉप बंद केला.
"जाऊ दे. ती बी कधी कधी फोन उचले नही."

मी भर दुकानात रडलो.

विंडोज पुन्हा बसवून कॉल त्यात परत ठेवले, शेजारी लिनक्स टाकलं. एवढं होऊनही लिनक्सची पुढची प्रत्येक आवृत्ती टाकायला ते माझ्याकडेच आले. अट एकच. "पह्यले मोठ्याने वाच, मंग दाब." मी स्क्रीनवरची ओळन् ओळ त्यांना वाचून दाखवायचो. गिऱ्हाइकं हसायची.

सोमवारी नवी आवृत्ती टाकायला लॅपटॉप ठेवून गेले होते.

आज त्यांना पोचवून आलो आणि तो उघडला. तीच स्क्रीन, तेच दोन पर्याय. कॉलच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत, तरी बोट पुढे जाईना.

रिकाम्या दुकानात मोठ्याने वाचलं. मग दाबलं.

अर्ध्या तासाने विंडोज उघडून पाहिलं. काकू मेथी मागत होती.

वाचीसनच दाबं, बापू. काकू जागावर शे.
निवांत जा.